छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर? पायलटच्या हातात असतात चार-साडेचार मिनिटं

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेलं एक सेसना १५२ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरलं. उतरलं म्हणजे उतरवावं लागलं. इंजिनची ताकद गेली होती आणि विमानात एकटी शिकाऊ पायलट होती. विमान मोडलं, पण ती किरकोळ जखमांवर वाचली.

अशी बातमी आली की 'विमान कोसळलं' हा शब्द ठरलेला. पण इंजिन बंद पडणं वेगळं आणि विमान कोसळणं वेगळं. इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. विमानाला वर धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो वेग. एरवी तो वेग इंजिन देतं. इंजिन गेलं की पायलट नाक थोडं खाली करतो आणि उंची खर्च करून वेग मिळवतो. उतारावर सायकल पायडल न मारता पळते ना, तसंच. याला ग्लाइड म्हणतात.

यवतमाळवरून उडताना हिशोब कसा लागेल?

समजा सेसना १५२ यवतमाळ शहरावरून चाललंय आणि उंचीचं मीटर ४,५०० फूट दाखवतंय. इंजिन बंद. आता हातात किती उंची आहे? ४,५०० नाही. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे, आणि यवतमाळ स्वतःच साधारण ४४५ मीटर, म्हणजे सुमारे १,४६० फूट उंचावर आहे. उरले जेमतेम ३,००० फूट. (मोबाइलवर फ्लाइटरडार२४ मध्ये विमानाची उंची बघता ना, तोही आकडा जमिनीपासूनचा नसतो.)

हे विमान १ फूट खाली येताना साधारण ९ फूट पुढे जातं. म्हणजे ३,००० फुटांत वारा नसेल तर ८ किलोमीटरच्या आसपास. त्यासाठी वेग ठेवायचा ६० नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटर. वेळ मिळतो चार-साडेचार मिनिटं.

६० नॉटचा आकडा महत्त्वाचा आहे. जमीन जवळ येताना दिसली की माणसाचा हात आपोआप नाक वर खेचतो, 'अजून थोडं लांब जाऊ' म्हणून. नेमकं उलटं घडतं. वेग पडतो, पंखांवरची हवा सुटते आणि विमान खरोखरच खाली पडतं. याला स्टॉल म्हणतात. इंजिन गेल्यावर जीव जातात ते बऱ्याचदा या स्टॉलमुळे. म्हणून पहिलं काम वेग सांभाळणं, दुसरं उतरायची जागा ठरवणं आणि तिसरं इंजिन परत सुरू होतंय का ते बघणं. रेडिओवर बोलणं त्यानंतर.

इंजिन बंद का पडतं?

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पेट्रोल संपलेलं, टाकीत पाणी शिरलेलं किंवा इंधनाचा कॉक चुकून बंद राहिलेला. म्हणूनच उड्डाणाआधी पायलट टाकीखालून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून बघतो, तळाला पाणी दिसतंय का ते. बॅटरी गेली म्हणून मात्र हे इंजिन थांबत नाही. ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग.

एक कारण मात्र पटायला जड जातं: बर्फ. तेही आपल्याकडे, पावसाळ्यात. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद जागेतून जाते आणि पेट्रोलची वाफ होते. या दोन्हींमुळे आतलं तापमान २० अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. बाहेर २५ अंश आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो आणि इंजिनचा श्वास कोंडतो. त्यासाठी कार्ब हीट नावाचा खटका असतो. तो ओढला की गरम हवा आत जाते. बर्फ वितळून पाणी इंजिनमध्ये गेलं की ते आधी आणखीच धडधडतं. घाबरून खटका परत ढकलला तर मुसळ केरात.

वावर कसं निवडायचं?

यवतमाळजवळ एमआयडीसीच्या जागेत धावपट्टी आहे. ती ग्लाइडच्या टप्प्यात असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर शेत बघावं लागतं, आणि इथे महिना कोणता आहे यावर सगळं ठरतं. एप्रिल-मेमध्ये पऱ्हाटी उपटून रिकामं झालेलं, कडक वावर चांगलं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच वावर धोक्याचं, कारण काळ्या ओल्या मातीत पुढचं चाक रुततं आणि विमान उलटतं. डिसेंबरमधली तूर माणसाच्या डोक्याएवढी असते, त्यापेक्षा कापलेलं सोयाबीनचं शेत बरं. सऱ्या असतील तर त्यांना आडवं न उतरता त्यांच्या बाजूने उतरायचं. वारा समोरून घ्यायचा. कुठे धुरा पेटवलेला असेल तर धूर वाऱ्याची दिशा सांगतो.

रस्ता वरून फार सोपा वाटतो, पण कडेची झाडं, ट्रक आणि विजेच्या तारा विसरू नका. तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसले तर तार आहेच असं धरायचं.

शेवटच्या क्षणी इंधन बंद, वीज बंद आणि दार आधीच थोडं उघडं, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकत नाही. फ्लॅप पूर्ण खाली करून वेग होईल तितका कमी करायचा. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. विमान मोडलं तर मोडू द्यायचं.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे टेकऑफनंतरचं पहिलं मिनिट. धावपट्टी मागेच दिसत असते आणि वळून परत जायचा मोह होतो. पण कमी उंचीवर तीव्र वळण घेतलं की स्टॉलचा वेगही वाढतो. म्हणून शिकवतात ते हेच, की समोर, थोडं डावी-उजवीकडे जे मिळेल तिथे उतरा.

मदतीला कोणतं तंत्रज्ञान असतं?

रेडिओवर तीनदा 'मेडे', ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा कोड आणि धडक बसल्यावर ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप सुरू होणारा बीकन. त्याचा सिग्नल उपग्रहामार्फत बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोचतो. नव्या विमानांत गार्मिनचं स्मार्ट ग्लाइड, २०२१ मध्ये आलेलं, ग्लाइडच्या टप्प्यातली धावपट्टी स्वतः शोधतं. सिरस विमानांत तर अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं. आपल्याकडच्या शिकाऊ सेसनात यातलं फारसं नसतं, तिथे हात आणि डोकंच.

तुमच्याच वावरात उतरलं तर?

व्हिडिओ नंतर. आधी ११२ लावा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल लागू शकतो. गूगल मॅप्सवर त्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते फोनवर सांगा. 'नाल्यापलीकडे बाभळीजवळ' यावरून ॲम्ब्युलन्स पोचत नाही. आसपास बिडी-सिगारेट नको, पंखांतल्या टाक्यांत पेट्रोल असतं. आणि समोरचा पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावू नका. मॅग्नेटो सुरू राहिला असेल तर नुसता हलवल्यानेही तो फिरू शकतो. आग किंवा धूर नसेल तर जखमी माणसाला ओढून काढायची घाई करू नका, मान-पाठ दुखावलेली असू शकते. धूर दिसला तर मात्र आधी बाहेर काढा.