भरती जिथे थांबते

राजापूरला आलेला पाहुणा बहुधा राजापूर पाहत नाही. अधूनमधून प्रकटणारी गंगा आली असेल तर तो उन्हाळे गावी जाऊन चौदा कुंडांचे दर्शन घेतो, तिथल्या गरम झऱ्यात पाय बुडवतो, धूतपापेश्वराला हात जोडतो आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. अलीकडे बारसू आणि देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांची त्यात भर पडली आहे. शहर मात्र महामार्गाच्या खाली, अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी तसेच राहून जाते. जवाहर चौकातून बंदर धक्क्याकडे, तिथून इंग्रजांच्या वखारीच्या जागेकडे आणि परत चढाने पेठेत, एवढी फेरी रमतगमत केली तरी फार वेळ लागत नाही. या फेरीत ऐकायला मिळते ती एकाच वर्षाची गोष्ट, १६६१ ची. शिवाजी महाराजांनी वखार लुटली, टोपीकरांना कैद केले. गोष्ट खरी आहे आणि रंगतदारही आहे. पण ते वर्ष नजरेसमोर ठेवून चालणाऱ्याला इथल्या वाटा अशा का आहेत याचा उलगडा होत नाही. तो पाण्यापासून सुरुवात केली तरच होतो.

समुद्र इथून खाडीच्या वाटेने सुमारे पंधरा मैल दूर आहे. खाडीच्या मुखाशी जैतापूर आहे. मग विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे बंदर मुखाशी न होता इतके आत का झाले? भरतीचे पाणी गलबताला जिथवर आणून सोडते, तिथे राजापूर वसले आहे. त्यापुढे माल बैलाच्या पाठीवर चढायचा आणि अणस्कुऱ्याच्या वाटेने घाटमाथा गाठून पन्हाळा-कोल्हापूरकडे जायचा. घाटावरून मिरी, वेलदोडे, सुती कापड उतरायचे. पाण्यावरचा मैल हा बैलावरच्या मैलापेक्षा कितीतरी स्वस्त असतो. त्यामुळे व्यापारी माल शक्य तितका आतपर्यंत पाण्यानेच आणणार. कोकणात हे सूत्र जागोजाग दिसते. सावित्रीवर मुखाशी बाणकोट आणि आत महाड, वाशिष्ठीवर दाभोळ आणि चिपळूण, शास्त्रीवर जयगड आणि संगमेश्वर, वाघोटनावर विजयदुर्ग आणि खारेपाटण. मुखाशी बंदर किंवा किल्ला, भरतीच्या टोकाशी पेठ. राजापूर हे या कुटुंबातले एक घर आहे.

ही निवड व्यापाराने नव्हे, भीतीने केली, असे कुणी म्हणेल. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले; तेव्हा शहाणा सावकार समुद्रापासून चार हात दूरच राहणार. यात तथ्य आहेच. खाडीची वळणे आणि उथळ पाणी यांचा आडोसा मोलाचा होता. पण नुसता आडोसा हवा असता तर खाडीतले कुठलेही वळण चालले असते. पेठ नेमकी भरतीच्या शेवटच्या टप्प्यावर, दोन नद्यांच्या संगमाशी आणि घाटवाटेच्या तोंडाशी उभी राहिली, याचे उत्तर भीतीत सापडत नाही.

आता वखारीकडे पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने १६४९ च्या सुमारास ती इथे घातली. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरने तिचे वर्णन केले आहे ते भक्कम दगडी इमारत आणि तिच्यापासून थेट खाडीपर्यंत जाणारे आवार असे. तेव्हा तिथे सरकारी कचेरी होती. या वर्णनातले आवार इमारतीपेक्षा महत्त्वाचे आहे. होडीतून उतरलेले गाठोडे बाजारातून न फिरवता, चार लोकांच्या नजरेस न पडता, सरळ कोठारात नेता यावे अशी ती सोय होती. त्याच गॅझेटियरने अरुंद, चढउताराचे रस्ते आणि फरसबंद, वरून छप्पर घातलेले बाजार पाहून राजापूरची गणना कोकणातल्या सर्वांत जुन्या वळणाच्या, नीट टिकलेल्या गावांत केली. हमाल, बैल आणि माल यांची वर्षानुवर्षे वर्दळ असल्याशिवाय बाजाराच्या जमिनीवर आणि छपरावर एवढा खर्च कुणी करत नाही.

यावर आक्षेप असा येतो की १६६१ नंतर हे वैभव संपलेच, मग त्या वर्षाला केंद्र मानण्यात चूक काय? घटनाक्रम असा आहे. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर असताना आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन त्याच्या मदतीला तोफा आणि गोळे घेऊन गेला आणि किल्ल्यावर मारा करताना त्याने इंग्रजी निशाण फडकावले. व्यापारी म्हणून आलेल्याने युद्धात उघड बाजू घेतली, त्याचा हिशोब पुढच्या वर्षी चुकता झाला. पकडलेल्या इंग्रजांपैकी काही जण १६६३ पर्यंत कैदेत राहिले. कंपनीच्या पत्रव्यवहारात मग कित्येक वर्षे राजापूरच्या नुकसानीचे रडगाणे चालू राहिले. इतिहासाची साधने म्हणून ती पत्रे हाताशी असतात, त्यामुळे राजापूरचा इतिहास म्हणजे कंपनीच्या तोट्याचा इतिहास असा समज सहज होऊन बसतो. अरबी नाखवा किंवा इथला वाणी यांची पत्रे कुणी जपली?

शिवाय कंपनीचेच वागणे तिच्या रडगाण्याशी जुळत नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. त्याने केलेल्या तहात राजापूरची भरपाई म्हणून दहा हजार होन ठरले, आणि त्यातला काही भाग राजापूरच्या जकातीतून वळता व्हायचा होता. जिथला व्यापार मेला आहे तिथल्या जकातीवर कुठला सावकार कर्ज वळते करून घेईल? इंग्रज परत आले, वखार पुन्हा सुरू झाली आणि १६८० च्या दशकाच्या आरंभी, चोहीकडे लढाया पेटत असताना, उठली. शहर त्यानंतरही आंग्र्यांकडे, १७५६ मध्ये पेशव्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले. हातोहात जावे इतकी किंमत त्याला होतीच. १८८० मध्येही अरबी गलबते थेट येत असत असे रत्नागिरी जिल्ह्यातले हे एकच बंदर होते. म्हणजे लुटीनंतर दोन शतकांहून अधिक काळ पेठ जिवंत होती.

ती खंगली ती पाण्याच्याच बाजूने. डोंगर बोडके होत गेले, पावसाबरोबर लाल माती खाली आली आणि पात्र भरले. जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच मोठ्या गलबतांना थांबावे लागते, अशी नोंद त्याच १८८० च्या गॅझेटियरमध्ये आहे. आगबोटींना तर खाडीत शिरण्याचे कारणच नव्हते. त्या जैतापुराशी थांबत. घाटावरची बाजूही तुटली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यावर कोल्हापूरचा गूळ आणि कापड बैलावर लादून कोकणात उतरवण्यात काय हशील उरले? दोन्ही टोके निसटल्यावर मधले उतारपेठेचे गाव तालुक्याचे ठिकाण होऊन राहिले. लुटीपेक्षा गाळ आणि आगगाडी यांनी अधिक केले, पण त्यांचा पोवाडा कोण रचणार?

आणखी एक आक्षेप आजच्या राजापूरकराच्या तोंडून येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. दर पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरते, दुकानदार रातोरात माल माडीवर चढवतात. इतकी हिशोबी माणसे नदीच्या घशात बाजार का मांडतील? याचे उत्तर व्यापाराच्या दिनदर्शिकेत आहे. शिडाच्या गलबतांचा समुद्र ज्येष्ठात बंद व्हायचा आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावर उघडायचा. पुराचे महिने आणि बंदर बंद असण्याचे महिने एकच होते. पाणी चौकात यायचे तेव्हा धक्क्यावर गलबत नसायचे, कोठारात नवा माल नसायचा, आणि पाणी उतरून फरशी वाळेपर्यंत हंगाम सुरू व्हायचा. जागा चुकीची नव्हती. बारा महिने उघड्या दुकानांचे शहर तिच्यावर नंतर बसले, आणि गाळाने पात्र उथळ केल्यावर पूर अधिक वर चढू लागला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, तीही याच वाणाची गावे आहेत. भरतीच्या टोकाच्या पेठेला पूर हा जन्मापासून चिकटलेला आहे.

म्हणून ही फेरी करायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर, भरती-ओहोटीचे तक्ते पाहून करावी, आणि धक्क्यापासून सुरू करून चढाने पेठेकडे जावी, म्हणजे माल जसा जायचा तशी. वखारीच्या जागेपाशी १६६१ ची गोष्ट जरूर सांगावी. पण ती सांगताना पाठ खाडीकडे करू नये.