करार, नमुना आणि प्रतिरूप : संगणकीय व्यवहारांच्या एका कसोटीचा इतिहास

औसा तालुक्यातील कोणत्याही गावचा सात-बारा उतारा घेतला, तर त्यातील रकाने राज्यातील इतर कोणत्याही गावच्या उताऱ्याप्रमाणेच असतात. ही एकरूपता पूर्वापार नव्हती. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील महसुली दप्तर मुख्यत्वे उर्दूत चालत असे. १९५४-५५ च्या सुमारास खासरा पाहणी पत्रके तयार झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली आणि तीखाली १९७१ मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम झाले. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख व गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही, हे दोन्ही ठरीव साच्यात आले. या साच्याचे महत्त्व केवळ कारकुनी नाही. नमुना निश्चित असल्यामुळे उतारा लिहिणारा तलाठी आणि तो वाचणारा बँकेचा अधिकारी यांची कधीही गाठ पडली नाही, तरी व्यवहार अडत नाही. नमुना हा दोन अपरिचित पक्षांमधील करारच होय.

आजच्या संगणकीय व्यवहारांत असाच करार दोन प्रणालींमध्ये असतो. एका प्रणालीने दुसरीकडे मागणी कोणत्या रूपात करावी आणि तिचे उत्तर कोणत्या रूपात यावे, हे जो सांगतो त्या व्यवहारद्वारास एपीआय म्हणतात. परंतु करार लिहिला म्हणजे तो पाळला जाईलच असे नाही. दोन्ही पक्ष एकत्र येण्यापूर्वीच त्यांची परीक्षा कशी घ्यावी, या प्रश्नाच्या उत्तरादाखल मॉक सर्व्हर हे साधन पुढे आले. मॉक सर्व्हर म्हणजे खऱ्या सेवेच्या जागी बसून तिच्या वतीने ठरलेली उत्तरे देणारे प्रतिरूप. त्याची घडण कशी झाली व त्याच्या साक्षीला मर्यादा कोणत्या, हे येथे पाहावयाचे आहे.

१. कराराच्या कल्पनेची वंशावळ

एकाने लिहिलेला कार्यक्रमाचा भाग दुसऱ्याने वापरावा, ही प्रथा संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज येथील एडसॅक यंत्रासाठी विल्क्स, व्हीलर व गिल यांनी उपकार्यक्रमांचा संग्रह सिद्ध केला आणि १९५१ मध्ये त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये होअर यांनी पूर्व-अटी व उत्तर-अटी यांच्या साहाय्याने कार्यक्रमाच्या अचूकतेची तार्किक मांडणी केली. १९७२ मध्ये पार्नास यांनी असे प्रतिपादन केले की, प्रत्येक घटकाने आपले अंतरंग झाकून ठेवावे आणि बाहेर फक्त आवश्यक तेवढेच दाखवावे. या दोन विचारधारांचा संगम बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेत झाला. घटकांमधील संबंधाला ‘करार’ ही कायद्यातील संज्ञा तेथे रूढ झाली.

मात्र तोपर्यंतचे करार बहुतांशी एकाच यंत्राच्या पोटात होत असत. बिरेल व नेल्सन यांनी १९८४ मध्ये दूरस्थ कार्यवाहनाची जी पद्धत वर्णिली, तीत दोन यंत्रांच्या दोन टोकांना ‘स्टब’ नावाचे मध्यस्थ होते. तेथे स्टब हा खऱ्या सेवेपर्यंत निरोप पोचविणारा दूत होता. पुढे परीक्षणशास्त्रात हाच शब्द खऱ्या सेवेचा पत्ताच नसताना तिच्या वतीने बोलणाऱ्या तोतयास लावला गेला. दूताचा तोतया होणे, हा शब्दार्थातील बदल या विषयाच्या इतिहासाचे सार सांगणारा आहे.

२. प्रतिरूपाचे स्वतंत्र होणे

२००० साली मॅकिनन, फ्रीमन व क्रेग यांनी ‘मॉक ऑब्जेक्ट’ची कल्पना एका निबंधातून मांडली. ही प्रतिरूपे तपासावयाच्या कार्यक्रमातच वसत आणि त्याच भाषेत लिहिलेली असत. २००७ मध्ये मेस्झारोस यांनी अशा प्रतिरूपांचे वर्गीकरण करून त्यांना ‘टेस्ट डबल’ हे सामान्य नाम दिले. याच सुमारास बाहेरचे जग पालटत होते. २००० मध्ये फील्डिंग यांच्या प्रबंधातून रेस्ट ही रचनापद्धती पुढे आली. २००१ मध्ये सेवांचे वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल ही भाषा प्रसिद्ध झाली. एक सेवा एका संस्थेची, दुसरी दुसऱ्या संस्थेची, अशी विभागणी वाढत गेली. तेव्हा कार्यक्रमाच्या पोटातील प्रतिरूप अपुरे पडू लागले आणि स्वतंत्रपणे चालणाऱ्या मॉक सर्व्हरची गरज निर्माण झाली. २०११ मध्ये टॉम एकहर्स्ट यांनी सुरू केलेला वायरमॉक हा या वर्गातील विशेष प्रचार पावलेला नमुना होय.

अशा सर्व्हरची कार्यपद्धती सोपी आहे. तो स्वतःच्या पोर्टवर वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो. आलेल्या मागणीचा पत्ता, तिचा प्रकार, शीर्षके व मजकूर तो आपल्याजवळच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि जुळणाऱ्या नोंदीतील उत्तर परत करतो. मुद्दाम विलंब लावणे, संपर्क मध्येच तोडणे व आलेल्या मागण्यांची नोंद ठेवणे, हीही कामे त्याच्याकडून करून घेता येतात. प्रत्येक परीक्षेनंतर त्याची स्मृती पुसणे अगत्याचे असते, अन्यथा एका परीक्षेचा अवशेष दुसरीत शिरून निष्कर्ष दूषित होतो.

स्वतंत्रपणाचा खरा लाभ मराठी दप्तराच्या उदाहरणाने चांगला ध्यानात येतो. ‘औसा’ या नावात युनिकोडच्या हिशेबाने तीन चिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ पद्धतीत ती नऊ बाइट व्यापतात. ‘लातूर’ या नावाची पाच चिन्हे पंधरा बाइट घेतात. एखाद्या रकान्याची मर्यादा पन्नास आहे असे करारात म्हटले, तर ती चिन्हांची की बाइटांची, हा प्रश्न रोमन लिपीतील नमुना-माहितीवर परीक्षा घेणाऱ्यास कधीच पडत नाही. गट क्रमांकाचेही तसेच आहे. ‘१२/अ’ असा पोटहिस्सा पत्त्यात घालावयाचा झाल्यास त्यातील तिरकी रेघ व देवनागरी अक्षर ही दोन्ही विशिष्ट संकेतांत बदलावी लागतात. कार्यक्रमाच्या पोटातील प्रतिरूपाला ही माहिती थेट हाती मिळत असल्याने दोष झाकला जातो. स्वतंत्र सर्व्हरकडे ती खरोखर तारेवरून जावी लागते, आणि म्हणून दोष तेथे उघड होतो.

३. करार कोणाचा?

प्रतिरूप हाती आल्यावर एक मूलभूत वाद उपस्थित झाला. खरी सेवा बदलली आणि प्रतिरूप जुनेच राहिले, तर सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही प्रत्यक्ष व्यवहार कोसळतो. मॉक सर्व्हर सेवेविषयी साक्ष देत नाही. सेवेविषयी वापरणाऱ्याची जी समजूत आहे, तिचीच तो साक्ष देतो. ही समजूत सेवेशी कशी बांधावयाची?

याला दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर ग्राहकाच्या बाजूचे आहे. इयन रॉबिन्सन यांनी २००६ मध्ये ग्राहकप्रेरित करारांची कल्पना मांडली आणि ऑस्ट्रेलियातील एका मालमत्ताविषयक कंपनीत २०१३ मध्ये पॅक्ट हे साधन निर्माण झाले. त्यात ग्राहकाची परीक्षा मॉक सर्व्हरपुढे होते व तिच्यातून ग्राहकाच्या अपेक्षांची लेखी नोंद तयार होते. तीच नोंद नंतर खऱ्या सेवेवर पडताळली जाते. प्रतिरूप व मूळ यांना एकाच कागदाने बांधण्याची ही युक्ती होय. दुसरे उत्तर सेवादात्याच्या बाजूचे आहे. २०११ मध्ये स्वॅगर या नावाने सुरू झालेली वर्णनपद्धती २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली व पुढे ओपनएपीआय या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या वर्णनावरून मॉक सर्व्हर आपोआप उभा करणारी साधनेही झाली. येथे करार आधी लिहिला जातो आणि दोन्ही पक्ष त्याला बांधील राहतात.

पहिली पद्धत जेथे ग्राहक मोजके व परस्परांच्या ओळखीचे आहेत, तेथे उपयुक्त ठरते. जेथे एक सेवा शेकडो अनोळखी संस्थांना द्यावयाची असते, तेथे प्रत्येक ग्राहकाची अपेक्षा पडताळणे सेवादात्यास शक्य नसते. तेथे दुसऱ्या पद्धतीचाच आश्रय घ्यावा लागतो. भारतातील सार्वजनिक सेवा या दुसऱ्या वर्गात मोडतात.

४. भारतीय अनुभव

आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी झाला. ओळख पडताळणीची सेवा असंख्य संस्थांनी वापरावयाची असल्यामुळे प्राधिकरणाने तिचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले आणि कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी कल्पित व्यक्ती व राखीव क्रमांक असलेली परीक्षण-सेवाही उपलब्ध केली. काटेकोर अर्थाने हा मॉक सर्व्हर नव्हे, ती खऱ्या प्रणालीचीच परीक्षणासाठी राखलेली आवृत्ती होय. तथापि खऱ्या नागरिकाची माहिती न वापरता कराराची कसोटी घेणे, हा हेतू दोहोंत समान आहे.

पुढे ही परंपरा विस्तारली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबई येथे यूपीआयचे अनावरण झाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेल्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेनेही बाहेरच्या संस्थांसाठी परीक्षण-क्षेत्र खुले केले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः आपल्या भ्रमणध्वनीवरून करू शकतो. जो नमुना तलाठ्याच्या लेखणीखाली होता, तो अशा रीतीने यंत्रांमधील करार झाला.

५. नकाराची परीक्षा

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष औसा येथील एखाद्या रास्त भाव दुकानापुढे उभे राहिल्यावर स्पष्ट होतो. ओळख पडताळणीची सेवा प्रायः ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. मॉक सर्व्हर उभारणारा बहुधा ‘होय’ हे उत्तर आधी लिहितो, कारण त्यावाचून पुढचा कार्यक्रम चालतच नाही. ‘नाही’ हे उत्तर, त्याची निरनिराळी कारणे, विलंबाने आलेले उत्तर व न आलेले उत्तर यांच्या नोंदी मागाहून करू म्हणून राहून जातात. परंतु शेतमजुरी किंवा ऊसतोडणी करून ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्याच्या वाट्याला नेमके हेच उत्तर येते. त्या प्रसंगी दुसरा मार्ग दाखविण्याची सोय कार्यक्रमात नसेल, तर यंत्र कराराप्रमाणे वागले तरी मनुष्य धान्यावाचून परत जातो.

तात्पर्य, मॉक सर्व्हरचे मूल्य तो किती शीघ्र उत्तर देतो यावर ठरत नाही. मूळ करारातील किती प्रकारची उत्तरे त्याने जतन केली आहेत, नकारही त्यात आले आहेत काय, आणि मूळ सेवेशी त्याची वेळोवेळी पडताळणी होते काय, या तीन प्रश्नांवर ते ठरते. जुन्या दप्तरात ‘शेरा’ या नावाचा एक रकाना असे. ठरलेल्या साच्यात न बसणारी वस्तुस्थिती लिहिण्यासाठी साच्यातच केलेली ती सोय होती. संगणकीय करार व त्यांची प्रतिरूपे रचणाऱ्यांनी या रकान्याचे मर्म ध्यानी घेतले, तर नमुना माणसाच्या कामी येईल. अन्यथा माणसालाच नमुन्यात बसविण्याचा प्रसंग येईल, आणि तो ज्याच्यावर येईल त्याला कराराची भाषा अवगत नसेल.