हाताच्या अंतरावरचं भिंग

पिस्तुलावर बसवायच्या दुर्बिणीची वंशावळ सहसा अशी सांगितली जाते: 1844 साली जॉन चॅपमन यानं अमेरिकेत सुधारित रायफलीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात नळीवर बसवायच्या दुर्बिणीचं वर्णन केलं, 1855 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये विल्यम माल्कम अशा दुर्बिणी बनवून विकू लागला, यादवी युद्धातल्या नेमबाजांनी त्या वापरल्या, पुढे त्या शिकाऱ्यांच्या रायफलींवर आल्या आणि सगळ्यात शेवटी आखूड होऊन रिव्हॉल्व्हरवर बसल्या. थोडक्यात, पिस्तुलाची दुर्बीण म्हणजे रायफलीच्या दुर्बिणीचं शेंडेफळ. ही वंशावळ सोयीची असली तरी मला ती चुकीची वाटते. दोघींत नळी आणि भिंगं एवढंच समान आहे. पिस्तुलाच्या दुर्बिणीला जन्म दिला तो लांब केलेल्या हातानं. दूरचं मोठं दिसावं ही हौस तिच्या मुळाशी नव्हती, आणि हरणाच्या शिकारीसाठी तिची निवड करताना लोक चुकतात ते नेमकं इथंच. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा प्रश्नच निकालात काढला आहे; ही कथा मुख्यतः अमेरिकेची.)

आधी दुर्बिणीविना काय चालत होतं ते पाहू. 1935 साली स्मिथ अँड वेसन कंपनीनं .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं आणि घराण्यातल्या डग्लस वेसननं त्याच रिव्हॉल्व्हरनं मोठी जनावरं मारून जाहिरातीची सोय केली. वीस वर्षांनी, मुख्यतः एल्मर कीथ या आयडाहोच्या शिकारी-लेखकाच्या आग्रहामुळे, .44 मॅग्नम आलं. आता हरीण पाडण्याची ताकद काडतुसात होती, पण नेम धरायला साधन तेच जुनं: नळीच्या टोकावर माशी आणि मागे खाच. या दोहोंत रिव्हॉल्व्हरवर साधारण वीस सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली तरी पन्नास मीटरवर गोळी पंचवीस सेंटिमीटर सरकते. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा जेमतेम वीतभर, म्हणजे मधोमध धरलेला नेमही एका मिलिमीटरनं हुकतो. रायफलीवर हेच अंतर साठेक सेंटिमीटर असल्यानं तीच चूक तिथं आठ सेंटिमीटरवर भागते. शिवाय खाच, माशी आणि हरीण या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. चाळिशी उलटली की माशीच धूसर होते, आणि महागडी रिव्हॉल्व्हरं घेऊन रानात जाणारे बरेच जण चाळिशी उलटलेलेच असतात.

यावर कीथचे भक्त लगेच म्हणतील की त्यानं तर उघड्या माशीवर सहाशे यार्डांवरचं हरीण लोळवलं होतं. तसं त्यानं लिहिलं आहे खरं. पण त्याच्याच हकिगतीप्रमाणे ते हरीण दुसऱ्याच्या रायफलीनं आधीच जखमी झालेलं होतं, आणि अगोदरच्या गोळ्या कुठे पडतात ते पाहत पाहत त्यानं नेम सुधारत नेला. जखमी जनावर संपवण्याचा तो प्रयत्न होता. पहिल्याच गोळीत काम व्हायला हवं अशा शिकारीत माशी पुरते, याचा तो पुरावा होत नाही.

मग रायफलीचीच दुर्बीण का नाही लावायची? कारण तिच्यातून चित्र दिसायला डोळा मागच्या भिंगापासून आठ-दहा सेंटिमीटरवर लागतो. खांद्याला टेकवलेल्या रायफलीत तो आपोआप तिथं येतो. पिस्तूल मात्र दोन्ही हात लांब करून धरायचं, म्हणजे भिंग डोळ्यापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर दूर. या अंतराला नेमबाज ‘आय रिलीफ’ म्हणतात आणि ते वाढवण्याचा पहिला मोठा प्रयोग पिस्तुलावर झालाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं झेडएफ-41 नावाची दुर्बीण रायफलीवर नेहमीच्या जागेहून बरीच पुढे बसवली, आणि ती फक्त दीडपट मोठं दाखवणारी होती. तिच्यातून दिसणारा तुकडा फारच लहान, म्हणून कसलेल्या नेमबाजांना ती आवडली नाही. त्यांची तक्रार रास्त होती, पण तो निव्वळ कारागिराचा दोष नव्हता. खिडकीपासून मागे सरकलं की बाहेरचा रस्ता कमी दिसतो, तसंच हे आहे.

ढोबळ हिशेब मांडला तर मुद्दा उघड होतो. मागचं भिंग पस्तीस मिलिमीटरचं आणि डोळा पंचेचाळीस सेंटिमीटरवर धरा. दुप्पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर सुमारे चार मीटर रुंदीचं रान दिसतं, चौपटीच्या दुर्बिणीतून दोन मीटर. तीच चौपट दुर्बीण डोळ्यापासून नऊ सेंटिमीटरवर असती तर दहा मीटरच्या आसपास दिसलं असतं. आणि झाडीत हरीण शंभर मीटरवर कुठलं, पंचवीस मीटरवरच समोर येतं. तिथं चौपटीत अर्धाच मीटर दिसतो: करड्या केसांचा एक चौकोन, खांदा की मांडी ते कळायच्या आत हरीण पसार. साठच्या दशकात बुशनेल कंपनीनं ‘फँटम’ नावाची पिस्तुलाची दुर्बीण काढली ती 1.3 पट आणि अडीचपट अशा दोन मापांत. लिओपोल्ड कंपनीचीही जुनी मापं दुप्पट आणि चौपट. हे आकडे कंजूषपणाचे वाटतात, पण ते हाताच्या लांबीनं ठरवलेले आहेत. वाढवलेल्या चित्रात हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो, आणि तो शांत होण्याची वाट पाहत माणूस चाप दाबायचा राहतो. कमी पटीच्या दुर्बिणीनं मिळतं ते वेगळंच: खाच-माशी जुळवण्याची चूक जवळजवळ संपते, आणि दुर्बिणीतली फुली व हरीण एकाच अंतरावर असल्यासारखी स्पष्ट दिसतात.

हीच गोष्ट खरी मिळकत मानली, तर दुर्बिणीची तरी गरज काय? हा प्रश्न डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 सालीच सोडवून ठेवला होता. हे ग्रब खगोलीय दुर्बिणी बनवणाऱ्या घराण्यातले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांनी उभारलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेची मोठी दुर्बीण, जी पुढे कोडाईकनालला गेली, ती याच कारखान्याची. ग्रब यांनी तिरप्या काचेवर प्रकाशाची खूण अशी पाडली की ती डोळ्याला अनंत अंतरावर भासावी आणि डोळा थोडा हलला तरी लक्ष्यावरून ढळू नये. 1918 साली ही युक्ती जर्मन लढाऊ विमानांवर पोचली आणि 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं बॅटरीवरच्या लाल ठिपक्याच्या रूपात ती शिकाऱ्यांच्या हाती दिली. इथं डोळा किती लांब आहे याला महत्त्वच नाही, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. म्हणून पिस्तुलाच्या दुर्बिणीचा सख्खा पूर्वज मी माल्कमला न मानता ग्रबना मानतो.

लाल ठिपक्यावर आक्षेप दोन, आणि दोन्ही वजनदार. ठिपका लहान दिसला तरी चार मिनिटांच्या कोनाचा ठिपका शंभर मीटरवर अकरा-बारा सेंटिमीटर जागा झाकतो, आणि तिन्हीसांजेला उजेड कमी न केल्यास हरणापेक्षा तोच डोळ्यात भरतो. हे कबूल, पण रिव्हॉल्व्हरनं शंभर मीटरवर हरणावर गोळी घालणारे थोडे, आणि घालू नये असं वाटणारे कसलेले शिकारी पुष्कळ. दुसरा आक्षेप मला मान्यच करावा लागतो. 1963 चं रेमिंग्टन एक्सपी-100 आणि 1967 चं, वॉरन सेंटर यांनी घडवलेलं थॉम्सन/सेंटर कंटेंडर ही एकेरी गोळीची पिस्तुलं नावालाच पिस्तुलं. त्यांत रायफलीच्या तोडीची काडतुसं बसतात आणि शिकारी ती मोकळ्या माळावर पिशवीवर टेकवून चालवतो. टेकू असला की कंप जातो, हरीण दूर आणि स्थिर असतं, आणि मग अडीच ते आठ पटींची बदलती दुर्बीण उधळपट्टी ठरत नाही. मात्र तिथं चूक भिंगात होत नाही, दुर्बीण बसवायच्या बैठकीत होते: जबर झटक्याच्या काडतुसावर दोन कड्यांची साधी बैठक टिकत नाही, तीन-चार कडी लागतात, आणि स्वस्त दुर्बिणीतली फुली पहिल्या पन्नास गोळ्यांतच जागा सोडते. कारखानदारांनी आपला कौल बराचसा दिला आहे. ग्लॉकनं 2015 साली शिकाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून दहा मिलिमीटरचं लांब पिस्तूल काढलं, तेव्हा वरच्या सरकपट्टीत खाचा कोरून ठेवल्या त्या लाल ठिपक्यासाठी.