पवनचक्कीचं पातं का मोडतं?

जूनमध्ये वाशीच्या खाडीपुलावर उभे राहिलात तर कळेल, वारा एकसारखा येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. पवनचक्कीच्या पात्यांचा इतिहास म्हणजे हे धक्के मोजायला शिकण्याचा इतिहास. या विषयात पीएचडी करायची असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी तो वाचा.

पहिला धडा अमेरिकेतला. व्हरमाँटमध्ये 1941 साली 1.25 मेगावॅटची स्मिथ-पुटनम पवनचक्की सुरू झाली. 26 मार्च 1945 रोजी तिचं एक पातं मुळापाशी तुटून उडालं. तिथली कमजोरी आधीच लक्षात आली होती, पण युद्धाच्या टंचाईत दुरुस्ती राहून गेली. एकदा आलेला मोठा भार पातं सोसू शकतं. लाखो वेळा आलेला लहान भार त्याला आतून संपवतो. यालाच फटीग म्हणतात.

आपल्याकडे 1986 मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरीनच्या किनाऱ्यांवर 55 किलोवॅटच्या व्हेस्टास पवनचक्क्या बसल्या. चाकाचा व्यास साधारण 15 मीटर. वीसेक वर्षांत पुण्याच्या सुझलॉनचं एस88 मॉडेल आलं, व्यास 88 मीटर. इथलं गणित नीट बघा. टोकाचा वेग तोच ठेवून सगळी मापं सारख्या प्रमाणात वाढवली, तर वाऱ्यामुळे येणारा ताण साधारण तेवढाच राहतो. स्वतःच्या वजनामुळे येणारा ताण मात्र लांबीच्या पटीत वाढतो. शिवाय तो प्रत्येक फेरीत उलटतो. मिनिटाला 15 फेऱ्या धरा. अखंड फिरलं तर 20 वर्षांत जवळपास 16 कोटी वेळा!

मग 2008 साल उजाडलं. अमेरिकेतल्या काही एस88 यंत्रांच्या पात्यांना तडे गेले आणि सुझलॉनला 1,251 पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. मिडवेस्टमधला वारा फार झपाट्याने दिशा बदलतो, असं कंपनीचं म्हणणं होतं.

म्हणून मार्गदर्शकांकडे जाण्याआधी स्वतःला विचारा, माझ्या मॉडेलमधला वारा कुठला आहे? साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चढून येणारा मान्सूनचा वारा डेन्मार्कच्या सपाट किनाऱ्यावरच्या वाऱ्यासारखा वागत नाही. आयईसी 61400-1 या मानकात वाऱ्याचे वर्ग दिलेत, ते सुरुवातीला जरूर वापरा. पण त्या जागेवरच्या मोजणीचा डेटा मिळेल तितका मिळवा आणि सरासरी काढण्याआधी त्यातले धक्के मोजा. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.