धागा : पर्समधले रिव्हॉल्व्हर आणि नाशिकचे पिस्तूल

१/ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. तेथे नोकरी करणाऱ्या शेजारच्या ताईंनी परवा विचारले, "तू इतिहास शिकतोस ना रे? पर्समध्ये मावेल असं रिव्हॉल्व्हर घेतलं, तर काही उपयोग होईल का?" त्या प्रश्नासाठी हा धागा.

२/ ताईंच्या मनात होते ते 'निर्भीक'. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने ते स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. कॅलिबर .३२, गोळ्या सहा, वजन सुमारे ५०० ग्रॅम. आरंभीची किंमत १,२२,३६० रुपये. दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीतून ते मिळे.

३/ लपवून नेण्याजोग्या शस्त्राचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र नाशिकचे आहे. १९०९ च्या आरंभी चतुर्भुज अमीन याने लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली. ती सावरकरांनी पाठविली होती.

४/ रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे फिरते नळकांडे असते, त्यामुळे मधला भाग फुगीर राहतो. ब्राउनिंगच्या पिस्तुलात गोळ्या मुठीत बसतात. शस्त्र चपटे होते आणि कपड्याखाली सहज दडते.

५/ २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह, 'संगीत शारदा'चा प्रयोग. जिल्हाधिकारी जॅक्सन यांची बदली झाली होती; हा त्यांचा निरोपसमारंभच. अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर तेथेच गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

६/ १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई होती. युरोपियनांना मात्र दीर्घकाळ सूट होती. जिल्हा दंडाधिकारीही असलेले जॅक्सन या व्यवस्थेच्या शिरोभागी होते. सभोवती अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी होती. तरीही त्यांचा बचाव झाला नाही.

७/ कारण स्थळ आणि क्षण कान्हेऱ्यांनी निवडला होता. दडविलेल्या शस्त्राचा खरा लाभ असा : ज्याने आधी ठरविले आहे, त्याच्या हाती ते बलवान ठरते. ज्याच्यावर प्रसंग अकस्मात येतो, त्याला आधी पर्स उघडावी लागते.

८/ शस्त्राच्या धाकाने हल्लेखोर मागे हटेल, असेही म्हटले जाते. पण धाक बसण्यासाठी शस्त्र दिसावे लागते, आणि हे तर न दिसण्यासाठीच घडविलेले. शिवाय ते हिसकावले गेले, तर क्षणात दुसऱ्याचे होते.

९/ स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. परवान्याची अट कायम राहिली. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, पोलीस चौकशी हवी, कारण पटवून द्यावे लागते. एवढे करून लाखाच्या वर रुपये मोजणे पाळीवर काम करणाऱ्या किती जणींना परवडेल?

१०/ स्वतःचे रक्षण करण्याचा ताईंचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. त्यांची भीती खरी आहे, आणि परवाना मिळवून कोणी शस्त्र घेतले तर ते कायद्याला धरूनच आहे. परंतु सरकारी कारखान्याने डबीतून शस्त्र विकायला काढले, तेव्हा रक्षणाचे ओझे अलगद तिच्याच खांद्यावर आले.

११/ ताईंना मी एवढेच सांगितले : पैसे राखून ठेवा. आणि पाळी सुटल्यावर फाटकापासून घरापर्यंत गाडी मिळावी, असा अर्ज तुम्ही साऱ्याजणी मिळून व्यवस्थापनाकडे करा. मसुदा मी लिहून देतो. त्या म्हणाल्या, "उद्या ये, आम्ही सहाजणी आहोत."