हंगामी कारखाना

कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले होते की हा कायदा सगळ्या कारखान्यांना लागू, हंगामी कारखाने सोडून. हंगामी म्हणजे कोणते, हे व्याख्येत येई आणि त्या यादीतले पहिले नाव होते कापसाचे जिनिंग. दुसरे, कापसाच्या किंवा तागाच्या गाठी बांधणे. शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, साखर, चहा हे सगळे नंतर.

परभणी, मानवत, सेलू, जिंतूर. या पट्ट्यात कारखाना म्हटले की आधी जिनिंग-प्रेसिंगच डोळ्यांपुढे येते. तेव्हा आयातीचा फटका बसणाऱ्या कामगाराला सरकार काय देते, हे परभणीपुरते शोधायचे तर कागद या व्याख्येपासूनच वाचावे लागतात.

आयातीचा आणि जिनिंगचा संबंध सरळ हिशेबाचा आहे. गाठ १७० किलोची. कापसात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस गाडीतून उतरतो, गंजीवर पडतो, रेच्यांतून म्हणजे जिनच्या यंत्रांतून जातो, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे, मग प्रेस. परदेशातून गाठ येते ती ही सगळी मजुरी तिकडेच उरकून.

२०२१ च्या अर्थसंकल्पाने कच्च्या कापसावर आयात शुल्क लावले. अधिभार धरून ते ११ टक्के होई. १४ एप्रिल २०२२ पासून ते माफ झाले, मुदत वाढून ३१ ऑक्टोबरपर्यंत गेली. १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा माफी आली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. तारखा नीट पाहाव्यात. पहिली मुदत नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर संपत होती. वाढीव मुदत नेमकी आवकेच्या महिन्यांवर आली. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी होती आणि अमेरिकेच्या वाढीव शुल्काने कापड उद्योग अडचणीत होता, हे खरेच. पण त्या निर्णयात जिनिंगचा कामगार कुठे बसतो?

आयातीमुळे काम गेले, असे ठरवून मदत देणारी योजना आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती १९६२ पासून होती. १९७४ च्या कायद्याखाली तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणे थांबले. आपल्या कायद्याला काम का गेले याच्याशी देणेघेणे नाही. कारखाना बंद पडला का आणि कामगार त्यात किती दिवस होता, एवढेच तो विचारतो.

या दिवसांतच सगळे अडते. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बंदीची भरपाई हवी तर वर्षभराची सलग सेवा लागे आणि ती धरण्यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस भरावे लागत. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेले जिनिंग होळीनंतर थंडावते. फार ओढले तरी १८० दिवस. ले-ऑफच्या भरपाईतून हंगामी आस्थापना वेगळ्या कलमानेच वगळल्या होत्या.

कापड गिरण्यांसाठी १५ सप्टेंबर १९८६ पासून पुनर्वसन निधी होता. बंद पडलेल्या खासगी गिरणीत पाच वर्षे काढलेल्याला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. ही मदत सूत काढणाऱ्याला होती, रुई काढणाऱ्याला नव्हे. १ एप्रिल २०१७ ला हा निधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला. ती योजना कामगार विम्याची, म्हणून जिनिंगचा माणूस पुन्हा त्याच व्याख्येवर येऊन थांबतो.

सरकारने जिनिंगसाठी काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या रुईत कचरा फार, म्हणून गिरण्या बाहेरची घेतात, ही तक्रार जुनी. फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान आले आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला २५ टक्के अनुदान मिळू लागले. कापसाला माणसाचा हात कमी लागावा, हाच त्यातला उद्देश. टोपल्यांनी कापूस वाहण्याऐवजी तो यंत्राने सरकू लागला, की रुई स्वच्छ होते. टोपली वाहणारी बाई कुठे जाते, हे अनुदानाच्या अटींत येत नव्हते.

दुसरी मदत शेतकऱ्याच्या वाटेने येते. भाव हमीभावाखाली घसरला की कापूस महामंडळ खरेदीला उतरते. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. महामंडळ हा कापूस खासगी जिनिंगमध्येच करारावर सरकी काढून गाठी बांधून घेते. आयातीने भाव पाडला तरी त्यामुळे रेचे फिरत राहतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेतही विम्यातून हंगामी कारखाना वगळलेला आहे आणि व्याख्येत पहिले नाव अजून जिनिंगचेच आहे.

जिनिंगच्या माणसाला ओळखणारा कागद ग्रॅच्युइटीचा. कारखाना जितके दिवस चालला त्यातले ७५ टक्के दिवस काम केले, की तो त्याची सेवा सलग धरतो. मोबदला हंगामामागे सात दिवसांचे वेतन, बारमाही कारखान्यात वर्षामागे पंधरा दिवसांचे. वीस हंगाम रेच्यापाशी काढलेल्याचे १४० दिवस होतात, बारमाहीचे ३००.