आहार, माती आणि कृमी : वर्धा येथील ग्रामसेवेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचा १९३४ नंतरचा इतिहास मुख्यतः राजकीय अंगाने लिहिला गेला आहे. कार्यकारिणीच्या बैठका, वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ चे आंदोलन यांची नोंद तपशिलाने होते. मगनवाडी व सेवाग्राम येथील आहारप्रयोगांना मात्र चरित्रग्रंथांत महात्मा गांधींच्या एका छंदापुरतेच स्थान मिळते. त्याच परिसरात त्याच माणसांनी मैला, माती आणि चर यांविषयी केलेले कामही वेगळ्या प्रकरणात, बहुधा अस्पृश्यतानिवारणाच्या संदर्भात, येते. या दोन कामांना जोडणारा एक दुवा आहे व तो म्हणजे आतड्यातील कृमी. कृमी मातीतून शरीरात येतात आणि त्यांनी केलेली हानी अन्नातून भरून काढावी लागते. या दुव्याच्या आधारे वर्ध्यातील प्रयोगांचे पुनर्मूल्यांकन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आहाराने कृमी निघून जातात, ही समजूत या प्रयोगांच्या समर्थकांत व टीकाकारांत सारखीच आढळते. दोन्ही पक्षांनी प्रश्नच चुकीचा मांडला, असे उपलब्ध ज्ञानावरून म्हणावे लागते.

परंपरेतील कृमिचिकित्सा

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींची चिकित्सा तीन अंगांनी सांगितली आहे. कृमी बाहेर काढणे हे अपकर्षण, कृमींना पोषक अशी शरीरातील स्थिती मोडणे हा प्रकृतिविघात आणि मूळ कारण टाळणे हे निदानपरिवर्जन. ही विभागणी आजही उपयुक्त वाटते. वर्ध्याच्या इतिहासाकडे पाहतानाही ती कामी येते. त्याच अध्यायात औषध देण्याच्या आदल्या रात्री रोग्याला दूध, गूळ, दही, तीळ, मासे असे पदार्थ भरपूर खाऊ घालावेत, म्हणजे कृमी कोठ्यात येतील, असेही म्हटले आहे. कृमींना गोड आवडते ही कल्पना येथे चिकित्सेसाठी वापरलेली दिसते.

घरगुती व्यवहारात या कल्पनेचे रूप पालटले. गोड खाल्ल्याने जंत होतात, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. त्यामुळे पोट पुढे आलेल्या, हातपाय काटकुळ्या झालेल्या मुलाचा गूळ प्रथम बंद होतो. वावडिंग, पळसपापडी, कपिला ही औषधे परंपरेने वापरात होती. पळस तर विदर्भाच्या रानात विपुल. परंतु औषध चालू असताना मुलाच्या तोंडचा घास काढून घेणे ही या समजुतीची खरी हानी होय. जंत साखरेतून उत्पन्न होत नाहीत. गोल जंतांची अंडी मातीने माखलेल्या हातांतून व भाज्यांतून पोटात जातात, तर अंकुशकृमीची अळी मुख्यतः अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते. त्वचेतील हा मार्ग आर्थर लूस यांनी १८९८ मध्ये प्रथम ओळखला.

१९४४ चे निदान

कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत निधन झाले. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी गांधींना हिवताप जडला. लुई फिशर यांनी लिहिलेल्या चरित्रात या आजाराचा क्रम दिला आहे. प्रारंभी गांधींनी औषध नाकारले. फळांचा रस आणि उपवास यांनी ताप जाईल, अशी त्यांची श्रद्धा होती. दोन दिवसांनी त्यांनी माघार घेतली व दोन दिवसांत मिळून ३३ ग्रेन क्विनीन घेतले. ताप उतरला. रक्तक्षय मात्र वाढत गेला आणि प्रकृतीच्या कारणास्तव ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. पुढील तपासणीत त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी आणि अमीबा या दोहोंची बाधा आढळली.

या निदानाकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. आयुष्यभर आहारावर लिहिणाऱ्या, प्रत्येक घास मोजून घेणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसाच्या आतड्यांत ग्रामीण भारतातील गरिबाचा रोग सापडावा, ही बाब बोलकी आहे. ही बाधा सेवाग्राममध्येच झाली असे म्हणणे घाईचे होईल. अंकुशकृमी शरीरात काही वर्षे राहू शकतो आणि गांधींनी पायी तुडवलेली भूमी देशभर पसरलेली होती.

आतड्याच्या विकारातून आहाराने सावरण्याचा अनुभव गांधींना त्यापूर्वीही आला होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे काम करताना त्यांना तीव्र आव झाली. गायी-म्हशीचे दूध न घेण्याचा संकल्प त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत केला होता. दुधाविना रक्त भरणार नाही, असे डॉ. दलाल यांनी बजावले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. शब्द राखला, भाव मोडला, ही खंत गांधींनी आत्मकथेत मोकळेपणाने मांडली आहे. येथे नैतिक पेचापेक्षा वैद्यकीय मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. दुधाने आवेचे कारण गेले नाही. आवेने खंगलेले शरीर भरून येण्यास त्याची मदत झाली. हा भेद त्या काळी फार थोड्यांना स्पष्ट होता.

प्रयोगशाळेतील पुरावा

हा भेद प्रयोगाने सिद्ध झाला तो १९३० च्या दशकात, म्हणजे नेमका मगनवाडीच्या प्रयोगांच्या काळात. ऱ्होड्स, कॅसल, पेन आणि लॉसन यांनी पोर्तो रिको बेटावरील अंकुशकृमीच्या रोग्यांवरील अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. कृमी काढून टाकले पण लोह दिले नाही, तर रक्त अत्यंत सावकाश सुधारत होते. उलट, कृमी पोटात तसेच ठेवून पुरेसे लोह दिले तरी हिमोग्लोबिन वेगाने वर चढत होते. अर्थात कृमी राहिले तर लोह थांबताच रोग परततो, हेही उघड आहे.

यामागील हिशोब साधा आहे. नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मि.ली. रक्त घेतो, अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल ही जात त्याच्या पाच-सहा पट. भारतात दोन्ही आढळतात. शंभर नेकेटर कृमींमुळे दररोज ३ मि.ली. रक्त आतड्यात उतरते, आणि निरोगी माणसाच्या एवढ्या रक्तात सुमारे दीड मि.ग्रॅ. लोह असते. त्यातील काही भाग आतडे पुन्हा शोषून घेते. तथापि धान्यप्रधान आहारातून शरीराला दिवसाकाठी एक-दोन मि.ग्रॅ.पेक्षा अधिक लोह क्वचितच मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे तूट कशी साचत जाते ते समजते. म्हणूनच तेवढेच कृमी पोटात असताना चांगले जेवणारा माणूस हिंडता-फिरता राहतो व मजूर स्त्री अंथरुणाला खिळते.

अमेरिकेत फॉस्टर व कॉर्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांनी याला आणखी एक जोड दिली. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांची अंकुशकृमीविरुद्धची प्रतिकारशक्ती ढासळली. आहार सुधारताच ती परतली. भारतात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी त्यापूर्वीच सदोष आहारावरील माकडांच्या आतड्यांची दुरवस्था दाखवून दिली होती. मॅकॅरिसन यांचे लेखन गांधींच्या वाचनात होते.

त्या काळच्या औषधांनाही आहाराची बंधने होती. १९२१ पासून प्रचारात आलेले कार्बन टेट्राक्लोराइड देताना स्निग्ध पदार्थ व मद्य वर्ज्य असे, कारण त्यांच्यासह औषध रक्तात शोषले जाऊन यकृतावर आघात होई. शरीरात कॅल्शियमची कमतरता असल्यास विषबाधा बळावते, हे कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले. थोडक्यात, ज्याला औषधाची गरज सर्वाधिक त्या कुपोषितालाच ते सर्वाधिक धोक्याचे होते.

मगनवाडीचे ताट

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले व जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथे काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ यांचा पुरस्कार हा उद्योगांचा कार्यक्रम होता तसाच पोषणाचाही. १९३५ साली तेथे सोयाबीन शिजवून पाहिले गेले, चिंच व लिंबाचा पाला ताटात आला, आणि कच्च्या पालेभाज्यांवर ‘हरिजन’मध्ये लेखन झाले. (त्या सोयाबीनने पुढे जिल्ह्यातील शेते व्यापली. ते बाजारात जाते, तेलाच्या गिरणीत जाते. स्वयंपाकघरात मात्र त्याला फारसा प्रवेश मिळाला नाही.)

कृमीबाधित शरीराच्या दृष्टीने या ताटाचे परीक्षण केल्यास निष्कर्ष संमिश्र येतो. ज्वारीत लोह आहे, पण तिच्यातील फायटेट ते बांधून ठेवते. क जीवनसत्त्व सोबत असेल तर हे बंधन सैल होते. या दृष्टीने थोडा कच्चा पाला रोज खाण्याचा गांधींचा आग्रह शास्त्राला धरून होता. चहातील टॅनिनविषयी त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’मध्ये घेतलेला आक्षेप पचनाच्या संदर्भात आहे, जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने लोहाचे शोषण घटते, हे त्यानंतर सिद्ध झाले. दुधाच्या बाबतीत १९१९ चा अनुभव स्मरून त्यांनी तडजोड केली. परंतु दूध प्रथिने व कॅल्शियम देते, लोह जवळजवळ नाहीच. रक्तक्षयाच्या रोग्याला केवळ दुधावर ठेवणे अपुरे ठरते.

कच्च्या पाल्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मैल्याचा संसर्ग झालेल्या मातीत वाढलेल्या पानांवर गोल जंतांची अंडी व अमीबाच्या कोशिका चिकटून राहतात. त्या काळी भाज्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. नेहमीच्या प्रमाणात ते द्रावण यांपैकी कशालाच मारत नाही. जे पान रक्त भरण्यास साहाय्य करते तेच पान नवी बाधा आणू शकते. वऱ्हाड-वर्धा भागातील जुनी रीत या बाबतीत अधिक सुरक्षित म्हणावी लागेल. अंबाडीची भाजी तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून पूर्ण शिजवली जाते आणि कच्चे काही हवेच असेल तर वरून लिंबू पिळता येते. आहारसुधारकांनी गावातील या ताटाकडून शिकण्यासारखे बरेच होते.

फावड्याचे काम

कच्चे पान निर्धोक व्हायचे असेल तर माती निर्धोक हवी. मगनवाडीतील कार्यकर्त्यांना हे उमगले होते, असे त्यांच्या दिनक्रमावरून दिसते. मगनवाडीलगतच्या सिंदी गावात महादेवभाई देसाई, मीराबेन आदी मंडळी मैला उचलण्यासाठी जात. ग्रामस्थांचा प्रतिसाद थंड होता. जातीने ठरवून दिलेले काम इतरांनी करावे, याचे नवल वाटे. सवय मात्र बदलत नसे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी सेगावला राहावयास गेल्यावर हेच काम तेथे सुरू झाले. १९४५ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर विनोबा पवनारहून काही काळ नित्य फावडे खांद्यावर घेऊन सुरगावला जात होते.

मैला नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नये, कारण वरच्या थरातील जीवसृष्टीच त्याचे खत करते, हे पूर या इंग्रज आरोग्यशास्त्रज्ञाचे मत गांधींनी स्वीकारले होते. खताच्या दृष्टीने ते रास्त आहे. अंकुशकृमीच्या अळ्या मात्र भुसभुशीत वालुकामय जमिनीत एवढ्या खोलीवरून सहज वर चढतात. वर्ध्याच्या चिकट काळ्या मातीत त्यांना ते अवघड जाते, हा योगायोगाचा लाभ. ढीग रचून कुजवल्यास आतील उष्णता अळ्या व अंडी दोन्ही नष्ट करते. म्हणून उथळ चरापेक्षा नीट तापलेले कंपोस्ट अधिक भरवशाचे.

याच संदर्भात नालवाडीच्या चर्मालयाचा उल्लेख आवश्यक आहे. गोपाळराव वाळुंजकर यांनी तेथे मेलेल्या जनावरांच्या कातड्यापासून चपला तयार करवल्या. हेतू अहिंसक चामड्याचा व चर्मकारांच्या प्रतिष्ठेचा होता. पण अनवाणी मजुराच्या पायात चप्पल येणे हा अंकुशकृमीला पडलेला पहिला अडसर होय, आणि तो लाभ कोणाच्या हिशोबात नव्हता.

गोळी आणि जेवण

कस्तुरबा रुग्णालयाचे काम सेवाग्राममध्ये १९४०च्या दशकात सुरू झाले आणि डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांतून १९६९ साली तेथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तोपर्यंत औषधे पालटली होती. आज अल्बेंडाझोलच्या ४०० मि.ग्रॅ.च्या एका गोळीने गोल जंत व बहुतांश अंकुशकृमी निघून जातात. ना उपवास लागतो ना रेचक. स्निग्ध अन्नाने तिचे शोषण वाढते, परंतु आतड्याच्या पोकळीतील कृमींसाठी त्याची आवश्यकता नसते. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना ही गोळी मिळते. अमीबावर ती चालत नाही, याचा विसर पालकांना सहज पडतो.

चरकाच्या परिभाषेत बोलायचे तर अपकर्षण कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. १९४४ च्या रोग्याला जी सोय नव्हती ती आज खेड्यातील बालकाला विनामूल्य आहे. तरीही मातीतील संसर्ग टिकून असेल तर काही महिन्यांत बाधा परतते. शिवाय गोळीने रक्त वाढत नाही. कृमी गेल्यावर हिमोग्लोबिन पूर्वपदावर येण्यास आठवडे, तर शरीरातील लोहाचा साठा भरण्यास महिने लागतात, आणि तो काळ जेवणावर किंवा लोहाच्या गोळ्यांवर काढावा लागतो. विदर्भात सिकलसेलचाही प्रादुर्भाव असल्याने प्रत्येक फिकट मुलाला जंतच झाले असे गृहीत धरणेही चूक ठरते. तेथे रक्ततपासणी हवी.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी तेथे शिबिर करून कुटुंबांची पाहणी करतात. घरामागची जागा, पायातील चप्पल, डोळ्यांच्या पापणीच्या आतील रंग आणि चुलीवरचे पातेले या चारही गोष्टी एकाच भेटीत पाहता येतील अशी ही व्यवस्था आहे. मगनवाडीच्या कार्यकर्त्यांकडे पापणी पाहणारा वैद्य सहसा नसे. बाकीच्या तीन गोष्टी ते पाहत होते.